मोठ्या खंडानंतर पुन्हा व्यायाम: पहिल्या बारा आठवड्यांचा क्रम

वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ व्यायाम बंद राहिलेला माणूस पुन्हा सुरुवात करतो, तेव्हा बहुधा जिथे थांबला होता तिथूनच सुरुवात करतो. शरीर बदललेले असते, पण आकडे डोक्यात तसेच बसलेले असतात. पूर्वी शंभर बैठका सहज निघत, जिममध्ये अमुक किलोचा बार उचलला जाई, रविवारी सिंहगड चढून-उतरून दुपारी कामाला लागता येई. त्यातले निम्मे तरी पहिल्या दिवशी जमलेच पाहिजे असे वाटते आणि ते जमतेही, कारण जिद्द आणि जुनी सवय दोन्ही मदतीला असतात. त्याचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्यावर कळतो, नाहीतर पाचव्या-सहाव्या आठवड्यात टाच, गुडघा किंवा खांदा दुखू लागल्यावर कळतो. पहिली चूक लगेच ध्यानात येते आणि माणूस सावध होतो. दुसरी चूक होत असताना मात्र सगळे उत्तम चालले आहे असेच वाटत असते. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या चुकीसाठी लिहिला आहे.

टप्प्यांचा क्रम असाच का, हे समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने पूर्वपदावर येत नाहीत. व्यायाम थांबल्यावर पहिल्या दोनेक आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे, म्हणजे प्लाझ्माचे प्रमाण घटू लागते, आणि पुन्हा सुरुवात केल्यावर हीच घट सर्वांत आधी भरून निघते. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत धाप कमी लागते आणि त्याच वेगाने चालताना नाडीही पूर्वीइतकी चढत नाही. स्नायूंची ताकद पूर्वी कमावलेली असेल, तर नवशिक्यापेक्षा ती लवकर परत येते. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा चिवट भाग, मात्र फार सावकाश बदलतो, आणि तो पुन्हा मोठा भार पेलण्याजोगा व्हायला तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दम आणि ताकद दोन्ही ‘वाढवा’ म्हणत असतात, आणि टाचेमागची किंवा गुडघ्याखालची कंडरा त्यासाठी तयार नसते.

## टप्पा १: आधी डॉक्टरांकडे कोणी जावे

निरोगी आणि तरुण माणसाने साधे चालणे सुरू करण्यासाठी तपासण्यांची यादी घेऊन बसण्याची गरज नाही. मात्र पुढीलपैकी एकही गोष्ट लागू असेल, तर पहिल्या दिवसाच्या आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे: मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार; आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आलेला असणे; जिना चढताना छातीत दाटून येणे, चक्कर येणे, किंवा कारणाशिवाय छाती धडधडणे. वय चाळिशीच्या पुढे गेले आहे, तंबाखू किंवा सिगारेट चालू आहे आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर आहे, अशांनीही हीच वाट धरावी. भारतीयांसाठी हे घेर पाश्चात्त्यांपेक्षा कमी धरले जातात, म्हणून परदेशी तक्ता पाहून निश्चिंत होऊ नये.

औषधांचा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि तो विचारायलाच हवा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असेल, तर श्रम करूनही नाडी फारशी चढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर विसंबून व्यायामाचा जोर ठरवता येत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामादरम्यान, आणि कधी त्यानंतर काही तासांनीही, घसरू शकते. त्यांनी सुरुवातीचे काही आठवडे आधी आणि नंतर साखर मोजावी, उपाशीपोटी बाहेर पडू नये आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवावी. साखर ७० च्या खाली गेली, तर व्यायाम तिथेच थांबवून आधी साखर खावी. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांनी स्नायू दुखण्याकडे इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने पाहावे.

सावधान: व्यायामाच्या दिवशी विश्रांतीत मोजलेला रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक आला, तर त्या दिवशी व्यायाम करू नये आणि डॉक्टरांशी बोलावे. छातीत दाब किंवा वेदना, ती जबड्याकडे वा हाताकडे जाणे, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले, तर ‘थोडे बसू, मग बघू’ असे न करता थेट रुग्णालय गाठावे.

## टप्पा २: खंड कशामुळे पडला होता

नोकरी, मुलांची शाळा, बदली अशा कारणांनी खंड पडला असेल, तर पुढचा क्रम जसाच्या तसा चालतो. कारण आजारपणाचे असेल, तर तो चालत नाही. तापात व्यायाम करू नये, आणि ताप उतरल्यावरही रोजच्या हालचालींत दम लागत नाही ना हे काही दिवस पाहून मगच चालणे सुरू करावे. कारण काही विषाणूंच्या संसर्गात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्या अवस्थेत जोराचे श्रम धोक्याचे ठरतात. डेंग्यूनंतर परतण्याची वेळ डॉक्टरांनी रक्त तपासून ठरवावी.

बाळंतपणानंतर परतणाऱ्या स्त्रियांना घरातून दोन टोकांचे सल्ले मिळतात: एक म्हणजे सहा महिने हलूच नको, आणि दुसरा म्हणजे पोट उतरवायचे असेल तर लगेच धावायला लाग. दोन्ही ऐकू नयेत. हळू चालणे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचे व्यायाम डॉक्टरांच्या संमतीने लवकर सुरू करता येतात. धावणे आणि उड्या मात्र किमान १२ आठवडे टाळाव्यात. शिंकताना किंवा चालताना लघवी निसटत असेल, किंवा खाली काही ओढल्यासारखे वाटत असेल, तर बारा आठवडे उलटले तरी थांबावे आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे. सिझेरियन झाले असेल, तर वजन उचलण्याचा टप्पा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

## टप्पा ३: आजची पातळी मोजा आणि लिहून ठेवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. कारण खालावलेले आकडे पाहणे कोणालाही नकोसे वाटते. पण मोजल्याशिवाय केलेली सुरुवात जुन्या आठवणीवर उभी राहते. एका वहीत तारीख घालून पुढील पाच नोंदी कराव्यात.

1. विश्रांतीतील नाडी. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, चहाच्या आधी, पूर्ण ६० सेकंद मोजावी. सलग तीन सकाळींची सरासरी घ्यावी.
2. एक किलोमीटर चालणे. सपाट रस्त्यावर, न धावता, बोलता येईल इतक्या वेगाने चालून लागलेला वेळ लिहावा आणि शेवटी धाप किती लागली होती तेही लिहावे.
3. खुर्चीवरून उठणे. हात छातीवर दुमडून, साध्या जेवणाच्या खुर्चीवरून ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून किती वेळा बसता-उठता येते ते मोजावे. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा आणि स्त्रीला १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर ते सरासरीखालचे मानले जाते. त्याहून तरुण माणसाला एवढेच जमत असेल, तर पायांची ताकद हेच पहिले काम आहे असे समजावे.
4. एका पायावर टाच उचलणे. भिंतीला बोटे टेकवून, गुडघा सरळ ठेवून, प्रत्येक पायाने वेगवेगळे मोजावे. टाच पूर्ण वर जाईनाशी झाली की मोजणे थांबवावे.
5. ओट्यावरचे जोर. स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून, पाठ सरळ ठेवून किती निघतात ते पाहावे. शेवटचा जोर वाकडातिकडा निघाला तर तो धरू नये.

तपासून पाहा: चौथ्या नोंदीत दोन पायांत मोठा फरक आहे का? जुनी मुरगळ किंवा जुने फ्रॅक्चर बहुधा इथेच दिसते. ज्या पायाचा आकडा कमी, त्या पायाने पुढचे सर्व भार ठरवावेत.

## टप्पा ४: जागा, वेळ आणि बूट

कपाटात तीन-चार वर्षे पडलेले धावण्याचे बूट बाहेरून नवे दिसतात, पण आतला फोम कडक झालेला असतो, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर तळव्याचा थर भुगा होऊन चालताना सुटून येतो. तळव्याच्या कडेचा फोम अंगठ्याने दाबून पाहावा. तो दबत नसेल किंवा त्यावर बारीक चिरा दिसत असतील, तर ते बूट भाजी आणायला वापरावेत. नवे बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, घालून पाहावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडावी.

उन्हाळ्यात सुरुवात करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की उष्णतेची सवय मोडलेली असते आणि ती परत यायला १० ते १४ दिवस लागतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत व्यायाम उरकावा. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरश्या आणि पाण्याखाली न दिसणारे खड्डे घोटा मुरगळण्यास पुरेसे असतात, म्हणून इमारतीचा मोकळा वाहनतळ, जिन्याखालची जागा किंवा घरातला सोपा अशी कोरडी पर्यायी जागा आधीच ठरवून ठेवावी. ‘पाऊस थांबला की जाऊ’ या वाक्यात जुलै-ऑगस्ट निघून जातात.

वेळ ठरवताना रोज एक तास असा संकल्प करू नये. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाला साधारण २५ ते ३७ मिनिटेच लागणार आहेत, आणि तेवढीच रोजच्या घडीत बसवावीत.

## टप्पा ५: आठवडा पहिला आणि दुसरा – फक्त चालणे आणि सांधे मोकळे करणे

पहिले चौदा दिवस आठवड्यातून पाच दिवस चालावे: पहिल्या आठवड्यात २० मिनिटे, दुसऱ्यात ३० मिनिटे. वेग असा असावा की सलग दोन-तीन वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये. ही बोलण्याची कसोटी घड्याळापेक्षा भरवशाची आहे, आणि बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी तर तीच एक उरते. चालून आल्यावर पाच-सात मिनिटे घोटे, नितंबाचे सांधे, पाठीचा मधला भाग आणि खांदे सावकाश फिरवावेत.

सूर्यनमस्कारांची सवय असणाऱ्यांनी या काळात संथ गतीने चार ते सहा घालावेत. उठल्या-उठल्या कंबर ताठ असते, म्हणून थोडे चालून अंग गरम झाल्यावरच पुढे वाकावे, आणि गुडघे किंचित वाकवले तरी चालते. रथसप्तमीला सोसायटीत किंवा शाळेत १०८ सूर्यनमस्कारांचा उपक्रम असतो आणि उत्साहाने त्यात उतरून अनेकांचा नवा आरंभ त्याच दिवशी संपतो. खंड पडलेल्या माणसाने त्या दिवशी बारा घालावेत आणि बाकीचे पुढच्या वर्षासाठी ठेवावेत.

या दोन आठवड्यांत गड चढायलाही जाऊ नये. लोकांना चढणीची भीती वाटते, प्रत्यक्षात मांड्या भरून येतात त्या उतरणीने. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन सावरत असतो, आणि अशा ताणात स्नायूंच्या तंतूंना सर्वाधिक सूक्ष्म इजा होते. पर्वतीच्या पायऱ्यांनाही हेच लागू आहे. चढून जावे आणि रिक्षाने उतरावे अशी सोय तिथे नाही, म्हणून थोडे थांबावे.

सावधान: खंडानंतर पहिल्याच दिवशी शेकडो बैठका किंवा उठाबशा काढणाऱ्यांत स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्य रक्तात मिसळण्याचा प्रकार घडतो. त्याला ऱ्हॅबडोमायोलिसिस म्हणतात आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तालमीतली जुनी सवय असलेली माणसे यात सापडतात, कारण त्यांचा संकल्प शरीराच्या पुढे धावतो. एक ते तीन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, मांड्या सुजून कडक झाल्या, किंवा पाय उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दुखते म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी स्वतःहून घेऊ नये, कारण अशा वेळी ती मूत्रपिंडांवरचा भार वाढवते.

## टप्पा ६: आठवडा तिसरा ते सहावा – ताकद

इथून आठवड्यातले दोन दिवस, मध्ये किमान एक पूर्ण दिवस सोडून, ताकदीसाठी द्यावेत. चालणे चालूच राहील. घरी करण्याजोगा संच पुढीलप्रमाणे असावा, आणि त्याचा क्रमही हाच ठेवावा.

1. खुर्चीवर टेकून उठण्याच्या बैठका: ८ ते १०.
2. ओट्यावरचे जोर: टप्पा ३ मध्ये निघालेल्या आकड्याच्या साधारण निम्मे.
3. उताणे झोपून, गुडघे दुमडून नितंब उचलणे: १० ते १२, वर दोन सेकंद थांबून.
4. एक हात टेबलावर टेकवून दुसऱ्या हाताने भरलेली पिशवी बरगडीकडे ओढणे: प्रत्येक बाजूला ८ ते १०. सुरुवातीला तीन-चार किलो पुरेत.
5. पायरीच्या कडेवर उभे राहून दोन्ही टाचा उचलणे आणि तीन सेकंद घेत खाली सोडणे: १० ते १२.
6. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ चालणे: ३० ते ४० पावले.

तिसऱ्या आठवड्यात हा संच एकदाच करावा, चौथ्या आणि पाचव्यात दोनदा, सहाव्यात तीनदा. प्रत्येक प्रकार थांबवताना ‘आणखी तीन-चार निघाले असते’ असे वाटले पाहिजे. शेवटचा निघेपर्यंत ओढत राहणे हे या टप्प्यातले काम नव्हे.

जिममध्ये परतणाऱ्यांसाठी नियम थोडा वेगळा आहे. खंडापूर्वी ज्या वजनाने नेहमीचे सेट होत, त्याच्या ४० ते ५० टक्क्यांवर सुरुवात करावी, १० ते १२ रेप्सचे, म्हणजे सलग आवर्तनांचे, एक किंवा दोनच सेट करावेत, आणि पहिल्या चार आठवड्यांत दर आठवड्याला वजन किंवा सेट यांपैकी एकच गोष्ट वाढवावी. हे वजन हास्यास्पद वाटेल इतके हलके असते, हे मान्य आहे. त्याचा उपयोग स्नायूंना नसून सांध्यांना आणि कंडरांना आहे. पहिल्या दिवशी लेग प्रेसवर जुना आकडा लावून पाहण्याचा मोह आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्राचे ‘अजून एक, अजून एक’ या दोन गोष्टींनी जितके लोक पुन्हा घरी बसलेले मी पाहिले आहेत, तितके कोणत्याही आजाराने बसलेले पाहिलेले नाहीत. ट्रेनरला पहिल्याच भेटीत खंड किती महिन्यांचा आहे ते स्पष्ट सांगावे. त्याला तुमची जुनी देहयष्टी दिसते, खंड दिसत नाही.

जोर-बैठकांच्या पद्धतीने परतणाऱ्यांनी जोरांचा प्रवास भिंत, ओटा, खुर्ची, जमीन असा करावा आणि प्रत्येक ठिकाणी किमान दोन आठवडे राहावे. खोल बैठक, ज्यात टाचा उचलल्या जातात आणि गुडघा पूर्ण मिटतो, ती बाराव्या आठवड्यापर्यंत लांबवावी.

तपासून पाहा: ताकदीच्या दिवसानंतर भरून आलेले अंग ७२ तासांत मोकळे झाले का? चौथ्या दिवशीही जिना उतरताना कठडा धरावा लागत असेल, तर मागचा भार जास्त होता. पुढच्या वेळी तो एक तृतीयांशाने कमी करावा.

## टप्पा ७: धावणे केव्हा आणि कसे

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो, म्हणून चालणे जमते याचा अर्थ धावणे जमेल असा होत नाही. तीन अटी पूर्ण झाल्यावरच सुरुवात करावी: सलग ३० मिनिटे झपझप चालून दुसऱ्या दिवशी कुठेही दुखत नाही, प्रत्येक पायाने स्वतंत्रपणे २० वेळा टाच पूर्ण उचलता येते, आणि एका पायावर जागच्या जागी दहा हलक्या उड्या न दुखता मारता येतात. बहुतेकांच्या बाबतीत हे सहाव्या-सातव्या आठवड्याच्या आधी होत नाही, आणि वजन बरेच वाढलेले असेल तर आणखी उशीर लागतो.

पहिल्या आठवड्यात १ मिनिट धावणे आणि २ मिनिटे चालणे असे आठ फेरे, आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड. पुढच्या आठवड्यात धावणे आणि चालणे दोन्ही २ मिनिटे, फेरे सात. त्यानंतर ३ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, फेरे सहा. मग ५ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, फेरे चार. एखादा आठवडा जड गेला, तर तोच पुन्हा करावा, मागे पडल्याचे वाईट वाटून घेऊ नये. वेग इतका कमी ठेवावा की सोबत्याशी बोलता येईल. चढ, पायऱ्या आणि वेगाच्या शर्यती बाराव्या आठवड्यापर्यंत नकोत.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. दोन वर्षांच्या खंडानंतर पाचव्या आठवड्यात माझा दम उत्तम झाला होता आणि नाडीही उतरली होती, म्हणून मी एकाच आठवड्यात अंतर दुप्पट केले आणि त्यात टेकडीचा चढही धरला. टाचेमागे सकाळची पहिली दहा पावले दुखत, मग थांबे. गरम झाल्यावर थांबते म्हणजे किरकोळ आहे, असे समजून मी आणखी तीन आठवडे धावलो. त्यानंतर नीट चालता यायला चार महिने गेले. सकाळच्या पहिल्या पावलांना होणारी आणि नंतर विरघळणारी वेदना हाच कंडरेचा पहिला इशारा असतो, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

## टप्पा ८: आठवडा सातवा ते बारावा – भार वाढवण्याची रीत

भार तीन ठिकाणी वाढतो: आठवड्यातले दिवस, दर वेळची मिनिटे किंवा वजन, आणि व्यायामाचा जोर, म्हणजे तीव्रता. एका आठवड्यात यांपैकी एकच वाढवावा. सलग तीन आठवडे वाढवल्यावर चौथा आठवडा मुद्दाम हलका घ्यावा, आधीच्या भाराच्या साधारण दोन तृतीयांश. हा हलका आठवडा लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो, पण आठवडे सहा ते दहा यांमध्ये तोच कंडरांना वेळ मिळवून देतो.

सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर असेल, झोप तुटक झाली असेल, किंवा रात्रपाळी करून आलेले असाल, तर त्या दिवशी फक्त चालावे. अशा दिवशी ठरलेला व्यायाम ‘चुकवला’ असे वहीत लिहू नये, ‘बदलला’ असे लिहावे.

बाराव्या आठवड्यापर्यंत आठवड्याला मध्यम गतीचा १५० मिनिटांचा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे, हे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले किमान प्रमाण बहुतेकांना गाठता येते.

## दुखणे कोणते चालेल, कोणते नाही

स्नायूच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखे, दाबल्यावर जाणवणारे आणि दोन-तीन दिवसांत ओसरणारे दुखणे चालेल. एका बोटाने दाखवता येईल असे, सांध्याजवळचे किंवा हाडावरचे, एकाच बाजूचे दुखणे चालणार नाही. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी दाबल्यावर कळ येत असेल आणि रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणे पूर्ण थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण तिथे सूक्ष्म तडा असू शकतो.

दहापैकी किती दुखते, असे स्वतःला विचारण्याची सवय लावावी. तीनपर्यंतचे आणि दुसऱ्या सकाळी न वाढलेले दुखणे सांभाळून चालू ठेवता येते. चार किंवा पाच झाले, तर भार निम्म्यावर आणावा. त्याहून अधिक असेल, किंवा दुखण्याने चाल लंगडी होत असेल, तर थांबावे. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायामाला जाणे म्हणजे हा मोजण्याचा काटाच काढून टाकणे होय.

## खाणे आणि झोप

या बारा आठवड्यांत कडक उपास किंवा ‘भात-पोळी बंद’ असे प्रयोग सुरू करू नयेत. व्यायाम आणि उपासमार एकाच वेळी सुरू केल्याने अंग भरून येणे लांबते आणि तिसऱ्या आठवड्यात दोन्ही सुटतात. लक्ष द्यावे ते प्रथिनांकडे. बैठ्या निरोगी प्रौढासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम हे आपल्याकडचे शिफारस केलेले प्रमाण आहे. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत उपयोगी पडते. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, हे पाहिले की पोळी-भाजीच्या डब्यावर हा आकडा का गाठता येत नाही ते कळते. उसळ, दही, पनीर, सोयाबीनच्या वड्या, मासे किंवा अंडी यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने स्वतःहून वाढवू नयेत.

झोप सात तासांपेक्षा कमी होत असेल, तर पहाटे पाचचा गजर लावून ती आणखी तोडण्यापेक्षा व्यायाम संध्याकाळी करावा.

## मध्येच पुन्हा खंड पडला तर

लग्नसराई, गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा यांपैकी काहीतरी बारा आठवड्यांत येणारच. तीन-चार दिवस चुकले, तर जिथे होता तिथूनच पुढे चालावे. चुकलेले भरून काढण्यासाठी एका दिवसात दोन दिवसांचा व्यायाम करू नये. एक ते दोन आठवडे चुकले, तर एक आठवडा मागे जावे. तीन आठवड्यांहून अधिक चुकले, तर टप्पा ५ पासून पुन्हा सुरुवात करावी, मात्र या वेळी तो एका आठवड्यात उरकता येतो.

## बाराव्या आठवड्याच्या शेवटी

टप्पा ३ मधील पाचही नोंदी त्याच खुर्चीवर, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी पुन्हा घ्याव्यात आणि पहिल्या आकड्यांशेजारी लिहाव्यात. तुलना याच आकड्यांशी करावी, खंडापूर्वीच्या आकड्यांशी नव्हे.

शर्यतीत नाव नोंदवायचे असेल, तर ते या मोजणीनंतर. बारा आठवड्यांअखेर सलग अर्धा तास सावकाश धावता येणाऱ्या माणसाला अर्ध्या मॅरेथॉनच्या २१ किलोमीटरसाठी आणखी साधारण सोळा आठवडे हवेत, म्हणजे शून्यापासून धरले तर अठ्ठावीस आठवडे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. तिथून मागे मोजत गेले, तर पहिला दिवस जुलैच्या सुरुवातीला येतो. त्यानंतर चालायला लागलेल्यांनी त्या वर्षी कमी अंतराच्या गटात नाव द्यावे आणि अर्धी मॅरेथॉन पुढच्या जानेवारीसाठी ठेवावी.